बिनपट्टीचे झगे

८ जानेवारी

टिटवे,

शाळेतल्या मुलीला पत्रात नंबरानेच हाक मारायची असा नियम आहे म्हणे. पाकिटावर एकशे चौदा लिहिलंय, तेवढं पुरे. आत मी टिटवीच लिहिणार. टपाल उघडून वाचणाऱ्या बाई, तुम्ही हे वाचताय ते मला माहीत आहे. वाचा. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागलं नाही तर तुमचं नशीब.

बातमी अशी की तुमच्या शाळेचे कपडे आता आमच्या लाँड्रीत येतात. सोमवारी येणार, गुरुवारी धुऊन परत. काल पहिला माल आला, दोनशे सहा करडे झगे. मुकादमाने विचारलं, शाळेचा माल कोण घेतंय. मी हात वर केला. इस्त्रीवाली म्हणाली, "वीस वर्षांत हिने कधी जादा काम मागितलं नाही, आज काय अंगात आलंय?" तिला काय सांगायचं. तिच्या घरात चार माणसं आहेत, चौघांची कटकट आहे. माझ्या घरात मी.

गळ्याशी शिवलेल्या नंबराच्या पट्ट्या बघत बघत एकशे चौदा शोधला. मशीनमध्ये टाकला नाही, हाताने धुतला. पण बाई, छातीत केवढा तो. एवढी कधी फुगलीस? जेवायला बरं घालतात वाटतं. तीन वर्षं होत आली तुला बघून, त्यामुळे मी आपली झग्यावरून अंदाज बांधतेय.

तुझ्या खाटेवर मी आता वाळलेले कपडे टाकते. मोकळी खाट बघवत नाही म्हणून नाही, जागा कमी आहे म्हणून. बोलायला कुणी नाही, मग रेडिओ लावते. त्यावर सरकारी मंडळाची माणसं बोलतात, मग बंद करते. मंडळाचा नियम निघाला तेव्हा मी चाळिशीची घोडी, मला कोण नेतंय. पंधरा झाली की मुलगी शाळेत. अठरा झाली की मंडळ सांगेल त्या घरी रवानगी, जन्मभरासाठी, मग ना पत्र ना भेट. तू फेब्रुवारीत अठराची होशील. मी दिवस मोजत नाही. मोजून काय करायचं.

लिही. दोन ओळी लिही पण तुझ्या लिही.

मावशी

१५ जानेवारी

आदरणीय मावशी,

आपले पत्र मिळाले. मी येथे सुखरूप आहे. जेवण वेळेवर मिळते. शिस्तीमुळे माझ्यात पुष्कळ सुधारणा झाली आहे. पूर्वी मी फार बोलत असे, आता बोलत नाही. आमच्या देखरेखीच्या बाई दर दोन महिन्यांनी बदलतात, त्यामुळे कुणाचा कुणाला लळा लागत नाही व शिस्त राहते. शनिवारी शिवणाचा तास असतो. तो मला आवडतो. सुया मोजून देतात व मोजून परत घेतात.

आपण आमचे झगे धुता हे वाचून आनंद झाला. परंतु त्यांच्यावर जास्त मेहनत घेऊ नये. जसे येतात तसेच धुवावेत व जसेच्या तसे परत पाठवावेत. आपले कष्ट वाचावेत एवढाच हेतू आहे.

आपली आज्ञाधारक,
एकशे चौदा

२५ जानेवारी

टिटवे,

मला "आपण" म्हणतेस. सहा वर्षांची असताना मला "ए ढमे" म्हणून हाक मारून पळायचीस, आणि आता मी आदरणीय झाले. बरं.

आणि माझे कष्ट वाचावेत म्हणे. वीस वर्षं भट्टीपुढे उभी आहे मी. हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या, हॉटेलचे पडदे धुतले, एक बटण इकडचं तिकडे झालेलं नाही. तू मला म्हातारी समजायला लागलीस की काय?

तर ऐक. तुमच्या मालाबरोबर एक यादी येते. कुठल्या नंबरला कुठलं माप ते त्यात लिहिलेलं असतं. आजवर कुणी ती उघडून बघितली नसेल. मी बघितली. एकशे चौदा म्हणजे मधलं माप. आणि त्या दिवशी मी हाताने धुतला तो झगा मोठ्या मापाचा. म्हणजे मी दुसऱ्याच कुणाच्या झग्याचे लाड करत बसले होते. मग सगळेच तपासले. सत्तावन्न नंबर यादीत सगळ्यात मोठं माप, आणि ती पट्टी बसलीय चिमुरड्या झग्यावर. शिवणाच्या तासाला तुम्हाला काय शिकवतात कोण जाणे. एकूण त्रेचाळीस पट्ट्या भलतीकडे.

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून सगळ्या उसवल्या आणि यादीप्रमाणे जागच्या जागी शिवल्या. काल गुरुवारी माल गेला तो एकदम चोख. तुझाही झगा सापडला, तुझ्या मापाचा. काखेत फाटला होता, तो रफू केला. टपालबाई, हे तुमच्या मोठ्या बाईंच्या कानावर घाला. लाँड्रीवाल्या बायकांना कुणी शाबासकी देत नाही, एकदा देऊन बघा.

आता तुझा झगा तुझ्याच अंगावर असेल. मला बरं वाटलं. इथे थंडी आहे.

मावशी

३ फेब्रुवारी

मावशी,

ही चिठ्ठी माझ्या झग्याच्या खालच्या दुमडीत घालतेय. तू प्रत्येक दुमड चाचपून बघतेस, धुण्याआधी सुटी पिन निघते का म्हणून. अजून बघत असशील तर सापडेल.

पट्ट्या आम्ही मुद्दाम बदलल्या होत्या. वर्षभर, दर शनिवारी, शिवणाच्या तासाला. इथे आमचे फोटो नाहीत, नावं नाहीत, केस सगळ्यांचे सारखे कापलेले. बाई दर दोन महिन्यांनी नव्या. आम्हाला ओळखतात ते फक्त पट्टीवरून. रवानगीच्या यादीत सत्तावन्न नंबर आला की सत्तावन्नची पट्टी लावलेली कुणीतरी ठेंगणी पुढे उभी राहायची. मंडळाच्या कागदावरच्या मापाशी मेळ नाही. चूक कुणाची हे कुणालाच कबूल करायचं नसतं, म्हणून कागद परत जायचा आणि दोन महिने मिळायचे. असे तीन वेळा मिळाले.

सत्तावन्न म्हणजे शिडी. मावशी, ती खरंच शिडी होती. आम्ही तिच्या खांद्यावर चढून वरच्या खिडकीतून रस्ता बघायचो. एकीने बघायचं आणि बाकीच्यांना खालच्या आवाजात सांगायचं. सायकल गेली. बाई छत्री उलटी धरून गेली. ती स्वतः कधी काही सांगायची नाही, तिला वर चढायला कुणी नव्हतं ना.

गुरुवारी झगे आले. आम्ही घातले तेव्हा कळलं की पट्ट्या सरळ झाल्यात. हातात सुई नाही. शुक्रवारी सकाळी गाडी आली. नऊ नंबर वाचले, नऊच्या नऊ बरोबर निघाले. शिडीला माझ्याशेजारून नेलं. ती म्हणाली, "तुझी मावशी फार नीटनेटकी आहे गं." रागाने नाही म्हणाली. म्हणूनच मला झोप येत नाही.

नंतर तुझं पत्र आलं. टपालबाईंनी ते मोठ्या बाईंना वाचून दाखवलं आणि मोठ्या बाईंनी आम्हाला. शिवणाचा तास बंद झाला. सुया परत गेल्या.

मी तुला सांगितलं होतं, जसेच्या तसे पाठव म्हणून.

टिटवी

७ फेब्रुवारी

टिटवे,

सापडली. कोपऱ्यात टाक्यांच्या मागे उभी राहून वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं माझंच वाचायचं चुकलं.

मागच्या सोमवारी झगे मोजले तर एकशे सत्त्याण्णव. मी म्हटलं, नऊ पोरी आजारी असतील. इस्त्रीवालीला म्हटलंसुद्धा, "थंडीचे दिवस, सर्दी झाली असेल." म्हणजे बघ माझी अक्कल.

माफी मागत नाही. ती शिडीकडे मागायला हवी आणि तिचा पत्ता कुणाकडे नाही. माझ्या हाताला खोड आहे, वाकडं दिसलं की सरळ करायचं. तुझ्या आईची वेणीसुद्धा मी सोडून पुन्हा घालायची. ती चिडायची. तू चिडलीस तर चीड. पण चिठ्ठ्या बंद करू नकोस. मोठ्या आवाजात चिडून लिही. घरात भांडणाचा आवाज ऐकून फार दिवस झाले.

ही तुझ्याच दुमडीत घालतेय.

मावशी

१० फेब्रुवारी

मावशी,

बावीस तारखेची यादी दारावर लागली. अकरा नंबर आहेत. त्यात एकशे चौदा आहे.

घर कुठलं, माणसं कोण, काही सांगत नाहीत. गाडीत बसल्यावर कागद देतात म्हणे. आमच्याकडे सुया नाहीत. कुणीतरी माशाच्या काट्याने प्रयत्न केला, तो मोडला. दातांनी पट्टी उसवली तर कुणी उसवली ते कळतं, पट्टी नसलेली मुलगी एकटी पडते.

मी तुला काही कर म्हणून लिहीत नाही. तुला पत्र मंडळाकडूनच यायचं, दोन ओळींचं, म्हणून आधी मी कळवतेय.

आमच्यातली ठेंगणी, जी शिडीच्या नंबरावर तीन वेळा उभी राहिली होती, ती मला विचारत होती की तुझी मावशी कशी दिसते. मी सांगायला गेले आणि तुझे हात आठवले, चेहरा नीट आठवला नाही. हे तुला लिहायचं नव्हतं. लिहिलं.

टिटवी

२१ फेब्रुवारी

टिटवे,

मागच्या गुरुवारी तुला काही पाठवलं नाही, कारण मी विचार करत होते आणि विचार करायची मला सवय नाही, वेळ लागतो.

हा झगा तुझा नसेल. कुठला कुणाचा ते आता मलाही सांगता येणार नाही. ज्या पोरीच्या हाती ही चिठ्ठी लागेल तिने टिटवीला पोचवावी.

मंगळवारी सगळे एकशे सत्त्याण्णव मोठ्या टाकीत टाकले. ब्लीच घालायचं एक माप, मी आठ घातली. आणि जेवायला गेले. रोज वीस मिनिटांत जेवते, त्या दिवशी दोन तास जेवले. परत आले तोवर पट्ट्यांचा धागा पार कुजलेला. नुसतं बोट लावलं की पट्टी हातात. पट्ट्या भट्टीखाली घातल्या. यादी पाण्यात पडली. ती आपोआप नाही पडली.

करड्याचे पांढुरके झाले आहेत, कुठे कुठे डाग. अंगावर घालशील तर खाजेल, मी चार पाण्यांतून काढलेत, तरी.

मुकादम आला. म्हणाला, "बाई, वीस वर्षं झाली तुम्हाला. ब्लीच किती घालायचं कळत नाही?"
"वय झालं," मी म्हटलं.
"माझ्या बायकोएवढं वय आहे तुमचं."
"मग तिलाही ब्लीचपासून लांब ठेवा."
सगळ्या बायका हसल्या. तो हसला नाही. त्याची मुलगी चौदाची आहे. मग म्हणाला, "शाळेला मी कळवतो, टाकीचा नळ बिघडला होता म्हणून," आणि गेला. मी त्या माणसाला वीस वर्षं शिव्या घातल्या. अजूनही घालीन, पण थोड्या कमी.

उद्या काय होतं ते लिही. पट्टी नसलेली एकटी पडते म्हणालीस. आता कुणालाच नाही.

मावशी

२४ फेब्रुवारी

मावशी,

चिठ्ठी सात जणींच्या हातांतून आली. सातही जणींनी वाचली, रागावू नकोस. त्यांना पत्रं येत नाहीत.

बावीसला आम्हाला अंगणात उभं केलं. देखरेखीच्या बाई आठवड्यापूर्वीच आलेल्या, कुणालाच ओळखत नाहीत. मोठ्या बाईंनी नंबर वाचला. कुणी पुढे आलं नाही. पुन्हा वाचला. मग एकेकीपुढे जाऊन विचारायला लागल्या, "तुझा नंबर?" गप्प राहायला आम्हाला त्यांनीच शिकवलंय. आम्ही गप्प राहिलो. मापावरून लावायला गेल्या, तर एका मापाच्या साठ-साठ मुली. गाडी दुपारपर्यंत फाटकात उभी होती आणि मग रिकामी गेली. त्या दिवशी आम्हाला जेवण दिलं नाही. मला भूक लागली नव्हती.

आता मंडळाने नवीन काढलंय. सहा मार्चला सगळ्यांच्या घरच्यांना बोलावणार आहेत. रांगेतून आपली मुलगी ओळखायची आणि सही करायची. तुलाही नोटीस येईल.

मावशी, मला ओळखू नकोस.

जिला कुणी ओळखत नाही ती बेवारस. रवानगीच्या कागदावर घरच्यांचं नाव लागतं, ते नसेल तर कुठलंच घर तिला घेत नाही. बेवारस मुलींना इथल्या स्वयंपाकघरात वर्षभर राबवतात आणि मग फाटकाबाहेर काढतात. अशी एक आधी होती, तिला काढताना ठेंगणीने पाहिलंय. ती चालत गेली, कुणी अडवलं नाही.

पण तू एकदा नाही म्हणालीस की ते कायमचं. पत्र बंद. बाहेर पडल्यावरही मी तुझ्या दारात येऊ शकत नाही. कुणी आपल्याला एकत्र पाहिलं की तू खोटी सही केलीस हे सिद्ध होईल, मग तुलाही नेतील आणि मलाही. मी हे सगळं विचार करून लिहितेय. आम्ही चाळीस जणींनी घरी असाच निरोप द्यायचं ठरवलं होतं, पण निरोप पोचवायला मावशी फक्त माझ्याकडे आहे.

टिटवी

२८ फेब्रुवारी

टिटवे,

नोटीस आली. छापील आहे. खाली लिहिलंय, ओळख पटवून सही करणाऱ्या पालकास मुलीसोबत अर्धा तास भेट देण्यात येईल. अर्धा तास. ही ओळ कुणी सुचवली असेल, तो माणूस हुशार आहे. त्याचं वाटोळं होवो.

तुमचा माल आजचा शेवटचा. ब्लीचमुळे शाळेने काम काढून घेतलं, दुसऱ्या लाँड्रीला दिलं. म्हणजे ही चिठ्ठी शेवटची. उत्तर यायचं नाही. तुला स्पष्ट सांगते, ऐक.

मी तीन दिवस तुझ्याशी भांडतेय मनात. मी म्हणते, ओळखते, सही करते, अर्धा तास तुझे हात धरून बसते, मग नेऊ देत कुठे न्यायचं तिथे, निदान एकदा बघितलं असेल. तू म्हणतेस, मग शिडीचं काय. तेवढ्यावर माझं तोंड बंद होतं. तू बोलतेसही कमी आता, एकाच वाक्यात गप्प करतेस.

तीन वर्षांत किती बदललीस मला काय माहीत. खरंच ओळखू आली नाहीस तर खोटं बोलायचा त्रास वाचेल. मी काय करीन ते सांगत नाही. मलाच माहीत नाही. तू मात्र मी आले की माझ्याकडे बघू नकोस. तू बघितलंस तर माझा धीर सुटेल.

थंड पाण्याने डोकं धुऊ नकोस. जेवण सोडू नकोस. आणि बाहेर पडशील तेव्हा सरळ रस्त्याला लाग, मागे वळून कुणाचं दार शोधू नकोस. बोलायला माणसं शोध. तुला बोलायला लागतं.

ढमी

७ मार्च

मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंना,

मी एकशे चौदा नंबरच्या मुलीची मावशी. तुमच्या नोटिशीप्रमाणे काल आले होते. तुमच्या वहीत सही केली आहे, "ओळख पटली नाही" या ओळीवर. तुमच्या बाईंनी तीन वेळा विचारलं, मी तीन वेळा सही केली. चौथी शिकलेल्या बाईची सही आहे, वाकडी आहे, पण माझीच आहे.

तरी लेखी द्या म्हणालात, म्हणून देते. रांग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. घाई केली नाही. माझी भाची ठेंगणी, गोरी, उजव्या गालावर मोठा तीळ. तशी कुणी नव्हती. तुम्ही माझी पोर घेतलीत आणि सांभाळली नाहीत, ती कुठे आहे हे तुम्ही मला सांगायला हवं, मी तुम्हाला नाही. पण मी तक्रार करत नाही. तिच्या नावाचा कागद माझ्याकडे पाठवू नका. माझ्याकडूनही तिला टपाल येणार नाही.

तुमच्या बाईंनी वहीत लिहून घेतलं की पालक रडत होत्या. ते खोडा. वीस वर्षं ब्लीचची वाफ घेतली आहे, माझे डोळे बारा महिने गळतात. लाँड्रीत कुणालाही विचारा.

काल ज्यांना आपली मुलगी सापडली त्या बायका बाकांवर बसल्या होत्या. त्यांचा अर्धा तास होईपर्यंत फाटक उघडणार नाही असं शिपाई म्हणाला, त्यामुळे मीही तेवढा वेळ फाटकाशी उभी होते. ज्यांना कुणी ओळखलं नाही त्या मुली अंगणाच्या पलीकडे उभ्या होत्या. माझं तिकडे काही काम नव्हतं. उभं राहायला दुसरी जागा नव्हती म्हणून तोंड तिकडे होतं.

आता एक सांगते आणि संपवते. रांगेत नववी उभी होती ती मुलगी. ती माझी कुणी नाही. रांगेतल्या सगळ्या पोरींनी माझ्याकडे पाहिलं, तिने पाहिलं नाही, जमिनीकडे बघत होती, म्हणून माझीही नजर खाली गेली. तिच्या दोन्ही पायांत डाव्या पायाचेच बूट आहेत. उजवी टाच सोललेली आहे, मोज्यावर रक्त वाळलेलं आहे. तिला तुम्ही आता स्वयंपाकघरात उभं करणार, दिवसभर. तिला उजव्या पायाचा बूट द्या. माप चार असेल, नाहीतर पाच देऊन पुढे कापूस घाला.

एवढं कराच. बाकी तुमच्याकडे माझं काही नाही.

लाँड्रीतली बाई